मास्तरांचे बोट आणि माझा डूख

मित्रांनो, मी शिंप्याच्या गळ्यातली जुनी टेप. लांबी साठ इंच. रंग एके काळी पिवळा होता, आता चहात बुडवून काढल्यासारखा झाला आहे. जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की फार गोड बोलतात, असा तुमचा अनुभव असेल. मी तसे बोलणार नाही. तेवीस वर्षे मी एका माणसाच्या गळ्यात होते. त्याच माणसावर मी डूख धरला आणि सूडही उगवला. तो कसा, ते ऐका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबच लांब कापडी पट्टीवर रंगाचा थर चढला, तो वाळला आणि माझ्या अंगावर आकडे उमटले. एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. दोन्ही टोकांना पितळी टोप्या बसल्या. तिथल्या तपासणीस बाईंनी मला पोलादी पट्टीवर ताणून पाहिले आणि मान डोलावून पुढे सरकवले. त्या दिवसापासून आजपर्यंत मी एकदाही खोटे बोललेले नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे नेमकी याच बाबतीत माझी अब्रू घेतली गेली.

मला मास्तरांनी विकत घेतले तेव्हा त्यांचे दुकान नुकतेच उघडले होते. बसथांब्यासमोर एक लांबट खोली. आत दोन मशीन, कापड बेतायचे मोठे टेबल, त्याच्या कडेला ठोकलेली दोन फुटी लोखंडी पट्टी, एक बाक, पुरुषभर उंचीचा आरसा आणि कपडे घालून बघण्यासाठी पडद्याआडचा कोपरा. मास्तर माप घेत आणि खणखणीत आवाजात पुकारत. त्यांची बायको मशीनवरून न उठता ते मापवहीत लिहून घेई. तिला सगळा रस्ता काकू म्हणत असे, म्हणून मीही काकूच म्हणते.

सुरुवातीची वर्षे छान गेली. गिऱ्हाइके तरुण होती, अंगे सडपातळ होती. मास्तर 'कंबर तीस' म्हणाले की आरशातला माणूस छाती पुढे काढायचा. कपडा अंगावर चपखल बसला की मास्तर माझ्यावरून बोटे फिरवत आणि म्हणत, "ही आहे म्हणून माझा हात चुकत नाही." मीही तेव्हा भोळी होते. माझा ऊर भरून यायचा.

पण माणसे तिशीत मुक्काम करत नाहीत. आमच्याबरोबर आमची गिऱ्हाइकेही चाळिशीत शिरली. पट्ट्यांना नवी भोके पडू लागली, स्कर्टची बटणे सरकवून घ्यायला बायका येऊ लागल्या. एकदा मास्तरांनी एका कारकुनाची कंबर भर दुकानात 'चाळीस' अशी पुकारली. बाकावरचे दोघे फिसकन हसले. कारकून लालेलाल झाला आणि पुन्हा आमच्या दुकानाची पायरी चढला नाही.

त्या दुपारी जेवताना काकूंनी तोड काढली. "अहो, माणसाला आकडा दोन-चार इंच कमीच सांगावा. राहिलेले इंच टेबलावर बोटानं वाजवा. एक इंच, एक टक. मी बरोबर लिहिते."

झाले! तेव्हापासून आमच्या दुकानाची ती रीतच पडली. मास्तर पुकारत, "कंबर छत्तीस," आणि त्यांचे उजवे बोट टेबलावर वाजे, टक, टक, टक. काकू लिहीत, एकोणचाळीस. कपडा बरोबर बसे आणि गिऱ्हाईक खूश होऊन घरी जाई. बाईमाणसांची मापे घ्यायची असली की काकू पडद्याआड हेच करत, फक्त बोट आरशाच्या चौकटीवर वाजे. सगळ्या रस्त्यावर एकच मापवही खरी होती आणि ती कुणाला दाखवली जात नव्हती.

मला राग कशाचा यायचा, सांगू? आकडा मी खरा दाखवायचे आणि मास्तर माझ्या अंगावर अंगठा ठेवून तो झाकायचे. त्यात एखादी पँट घट्ट झाली, की बोल मलाच. "टेप जुनी झालीय हो, दगा देते." दोनदा तर त्यांनी मला गिऱ्हाइकासमोर टेबलाच्या कडेवर फटकारले. माझ्या एका टोकाची पितळी टोपी तेव्हाच ढिली झाली. पण मी गप्प बसले. एकेक अपमान मी इंचाइंचाने साठवत होते.

मग आला पैलवान. हा बसचा ड्रायव्हर. तरुणपणी कधीतरी चार जणांना लोळवले होते म्हणून त्याला ते नाव पडले होते. पुढे पोटाने त्यालाच लोळवले, ते सोडा. दर वर्षी तो गणवेश शिवायला यायचा. मास्तर पुकारायचे, "छत्तीस, पैलवान! कसलं तब्येतीला जपता हो तुम्ही!" आणि बोट वाजायचे पाच वेळा. पैलवान ते छत्तीस डेपोभर मिरवायचा.

जिना चढताना त्याला दम लागू लागला म्हणून डेपोने त्याला तपासणीला पाठवले. डॉक्टरबाईंनी कंबर विचारली. हा ऐटीत म्हणाला, "छत्तीस. मास्तरांनी मोजलीय." बाईंनी स्वतः मोजली, तर एक्केचाळीस भरली. रक्तदाब तर असा होता की त्यांनी त्याला तिथेच झोपवून ठेवले.

या डॉक्टरबाई आमच्याच गिऱ्हाईक. त्यांचे पांढरे कोट काकू शिवत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या तडक दुकानात आल्या. बाकावर तीन माणसे होती.

"मास्तर, पैलवानाचे पाच इंच कुठे गेले हो?"

मास्तर खाकरले. काकूंनी मशीन थांबवले. आणि मित्रांनो, मास्तरांनी मला गळ्यातून काढून बाईंसमोर धरले. "काय सांगू बाई, ही टेप ताणली गेलीय. हल्ली खोटंच दाखवते."

खोटे! मी! माझ्या अंगाची लाही लाही झाली.

डॉक्टरबाईंनी मला हातात घेतले आणि टेबलाच्या लोखंडी पट्टीवर सरळ ठेवले. चोवीसला चोवीस. तसूभरही फरक नाही. "टेप खरी आहे, मास्तर," त्या म्हणाल्या आणि त्यांनी काही कळायच्या आत मला मास्तरांच्याच पोटाभोवती फिरवले. तेवीस वर्षांत मला त्या पोटाला कुणी लावले नव्हते. मी आनंदाने आवळले. "साडेबेचाळीस," बाईंनी खणखणीत पुकारले. बोट वाजले नाही. बाकावरची तिघे जोरात हसली.

बाईंनी एवढ्यावर सोडले नाही. त्यांनी टेबलावरची लेंग्याची नाडी घेतली, मास्तरांच्या उंचीएवढी कापली, बरोबर अर्धी दुमडली आणि त्यांच्या पोटाभोवती लावली. नाडीची टोके एकमेकांना भेटेनात. मध्ये चांगली वीतभर जागा उरली. "ही टोकं भेटली पाहिजेत," त्या म्हणाल्या. "पोटावर चढलेली चरबी नुसती कापड जास्त खात नाही, मास्तर. साखर, रक्तदाब, हृदय, सगळ्यांना कामाला लावते. तुमची पन्नाशी उलटली. त्रास सुरू व्हायची वाट बघू नका. दोघंही या, तपासून घ्या. आणि काकू, पाळी गेली म्हणजे बाईचं डॉक्टरकडचं काम संपलं, असं नसतं."

"येऊ की," काकू म्हणाल्या. "शाळांचे गणवेश तेवढे हातावेगळे होऊ देत."

बाई गेल्या. बाकावरचे गेले. मास्तरांचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. "हिनंच घात केला माझा," असे म्हणून त्यांनी मला चुरगाळले आणि चिंध्यांच्या पोत्यात फेकून दिले. तेवीस वर्षांची सोबत, आणि जागा कुठे, तर चिंध्यांत! संध्याकाळी त्यांच्या गळ्यात नवी टेप आली. गुलाबी रंगाची, प्लॅस्टिकची, जरा ऊन लागले की लुळी पडणारी. तिला काय, ती मास्तर म्हणतील ते दाखवायची.

पोत्यात पडल्या पडल्या मी मास्तरांना साठ इंच शिव्या घातल्या आणि शपथ घेतली. या माणसाला माझ्या आकड्यापुढे मान तुकवावी लागेल, आणि तो दिवस मी डोळे भरून बघेन.

तिसऱ्या दिवशी काकूंनी मला पोत्यातून बाहेर काढले. माझ्या अंगावरचे दोरे झटकले, ढिली झालेली टोपी पकडीने घट्ट दाबली आणि मला बटणांच्या डब्यात ठेवले. मला वाटले, दया आली असेल. तसे नव्हते. काकूंना खरी टेप हवी होती.

सोमवारी दुकान बंद असे. मास्तर दोरे, बटणे, अस्तर आणायला बाजारात जात. त्या सोमवारी काकू एकट्याच आल्या, त्यांनी पडदा ओढून घेतला आणि मला स्वतःच्या पोटाभोवती लावले. आकडा होता एकतीस. काकू आरशात बघत हळूच म्हणाल्या, "तीस." आणि त्यांचे बोट चौकटीवर वाजले, टक. मग त्यांनी मापवही उलटी केली आणि शेवटच्या पानावर, नाव न लिहिता, तारीख आणि एकतीस असे लिहिले.

बघा मित्रांनो, खोलीत दुसरे कुणी नव्हते. तरीही त्यांनी पुकारले तीसच.

पुढच्या सोमवारीही तेच. त्याच्या पुढच्याही. पुकारा कायम तीसचा, पण टकटक वाढत गेली. एकाची दोन झाली, दोनाची तीन. दंडाचे माप मात्र अकरावरून खाली सरकू लागले, खांदा उतरू लागला. डबा उघडला तरी दोन घासांत काकूंचे पोट भरायचे. स्वतःच्या स्कर्टची कंबर त्यांनी दोनदा उसवून वाढवली. मास्तरांनी एकदा विचारले, "जेवत का नाहीस गं?" त्या म्हणाल्या, "वय झालं आता. पोट सुटणारच, गॅस होणारच." मास्तर म्हणाले, "माझंही तसंच." आणि दोघेही आपापल्या मशीनवर वाकली. गणवेश कधीच संपले होते. मग कुणाचे तरी कोट आले, मग पडदे आले.

आणि मी? मी खूश होते. लपवत नाही. मास्तरांच्या घरात मास्तरांना माहीत नसलेला एक आकडा दर आठवड्याला वाढत होता आणि तो त्यांनीच फेकलेल्या टेपला ठाऊक होता. मला खोटे ठरवतोस काय? घे! साऱ्या रस्त्याला बोटावर नाचवतोस काय? आता तुझ्याच घरात बोट वाजतेय, आणि तुला ऐकू येत नाही. बटणांच्या डब्यात पडून मी सोमवारची वाट बघायची. सहा महिने मी ती मजा घेतली.

गुलाबी टेपने अपेक्षेप्रमाणे दगा दिला. ती खरोखरच ताणली गेली आणि एका आठवड्यात चार पँटी तंग झाल्या. जुनी मापे शोधण्यासाठी मास्तरांनी मापवही ओढली. घाईत ती उलटी उघडली गेली. काकू मशीनवर होत्या. मी काजांची मापे घेण्यासाठी टेबलावर काढलेली होते, त्यामुळे पुढचे सगळे मी समोरून पाहिले.

मास्तरांनी पानावरून बोट खाली नेले. खोटे पुकारणारा असला तरी माणूस कारागीर होता. आकड्यांच्या रांगेवरून त्याला आख्खे अंग दिसायचे.

"हे गिऱ्हाईक कोण गं? नाव नाही लिहिलंस."

"आहे एक."

"पोटुशी दिसतेय."

"बावन्न वर्षांची आहे ती."

मास्तरांचे बोट थांबले. त्यांनी चष्मा लावला आणि रांग पुन्हा वरून खाली वाचली. "कंबर एकतीस, तेहतीस, चौतीस, छत्तीस. आणि दंड? अकराचा पावणेदहा? खांदाही उतरलाय." त्यांनी मान वर केली. "अगं, जाड होणारं माणूस सगळीकडून जाड होतं. हिचं अंग गळतंय आणि पोट तेवढं चढतंय. ही बाई आजारी आहे. तिचा कपडा बाजूला ठेव, आधी तिला डॉक्टरकडे पाठव."

काकूंचा पाय पायडलवरच होता, पण मशीन चालत नव्हते. "सांगितलं मी तिला," त्या म्हणाल्या. "ती म्हणते, माझा नवरा ज्या दिवशी तपासून घेईल त्या दिवशी मी घेईन. त्याची कंबर साडेबेचाळीस आहे. आणि तो टेपला खोटं म्हणतो."

मास्तरांनी मापवही मिटली. मग ते उठले, त्यांनी टेबलावरून मला उचलले आणि काकूंना हाताला धरून उभे केले. सव्वीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोचे माप कधी घेतले नव्हते. तिचे कपडे तीच शिवायची. माझी टोके त्यांना एकमेकांवर आणता येईनात.

"छ..." ते म्हणाले आणि अडले. त्यांचे उजवे बोट सवयीने टेबलाकडे गेले, हवेतच थांबले. मग त्यांनी ते मिटून घेतले. "छत्तीस," त्यांनी पुकारले. मोठ्याने.

ही मान तुकवण्याची वेळ मी सहा महिने मागत होते. ती आली, तर मास्तर रडत होते आणि काकू त्यांना समजावत होत्या. मला वाटले होते तशी ती गोड लागली नाही.

त्याच दुपारी दोघे दवाखान्यात गेली. मास्तर इतके गांगरले होते की मी त्यांच्या गळ्यातच राहिले, म्हणून मलाही सगळे ऐकायला मिळाले. काकूंच्या अंडाशयावर गाठ होती आणि पोटात पाणी भरत होते. मास्तरांची साखर दोनशे साठ निघाली. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्या फक्त म्हणाल्या, "काकू, मी दुकानात आले होते, तेव्हाच आला असतात तर!"

काकूंचे ऑपरेशन झाले. आता दर तीन आठवड्यांनी औषध चढवतात. केस गेले आहेत, डोक्याला त्या आमच्याच दुकानातला मऊ कापडाचा तुकडा बांधतात. बरे वाटेल त्या दिवशी तासभर मशीनवर बसतात. गाठ पुन्हा येईल की नाही, हे डॉक्टरबाईंनाही आज सांगता येत नाही.

आणि माझा सूड? तो चालू आहे. काकूंनीच तो चालू ठेवला आहे. दर शनिवारी संध्याकाळी, बाक भरलेला असताना, त्या मास्तरांना आरशासमोर उभे करतात, मला त्यांच्या पोटाभोवती लावतात आणि अशक्त आवाजात, पण स्पष्ट, आकडा पुकारतात. साडेबेचाळीसचे बेचाळीस झाले, मग एक्केचाळीस. मागच्या शनिवारी एकोणचाळीस होते. मास्तर सकाळी चालायला जातात, गोळ्या घेतात, आणि मी शनिवारी काकणभर जास्तच आवळते.

दुकानाची रीतही मोडली. आता जो येईल त्याला खरा आकडा ऐकावा लागतो. पैलवान ऐकून तावातावाने निघून गेला आणि आठ दिवसांनी परत आला. "मास्तर, गेली इतकी वर्षं का नाही सांगितलंत?" एवढेच त्याने विचारले. मास्तरांनी मापवहीत त्याचे पान काढून त्याच्यासमोर ठेवले.

पण मित्रांनो, एक गोष्ट राहिली. मास्तरांवरचा माझा राग फिटला आहे. ते एकदा सोडून सव्वीस वेळा रडले असतील. ज्या सव्वीस सोमवारी मी काकूंच्या पोटाभोवती होते, त्यांतल्या प्रत्येक सोमवारी मला खरा आकडा ठाऊक होता. मी ओरडू शकत नव्हते, हे खरे. पण मला ओरडायचेही नव्हते. ज्या बाईने मला चिंध्यांतून काढून माझी टोपी बसवली, तिच्या दुखण्याची मी मजा बघितली. त्याबद्दल आता मी कुणावर डूख धरू?

म्हणून तुम्हाला सांगते. आज घरी गेल्यावर आईची आणि बाबांची उंची दोरीने मोजा, ती दोरी अर्धी दुमडा आणि त्यांच्या पोटाभोवती लावून बघा. टोके भेटली नाहीत तर मोठ्याने सांगा. भेटली तरी विचारा, शेवटची तपासणी कधी केली होती? ते हसतील. वय झाले म्हणतील. एवढे काम उरकू दे म्हणतील. त्यांचे बोट टेबलावर वाजायला लागेल.

ते बोट घट्ट धरा, आणि दवाखान्याचे दार येईपर्यंत सोडू नका.